माझा घसा आणि मल्लिनाथचे मिटलेले डोळे

आधी माझ्या आवाजाविषयी सांगतो, कारण तो गेला. म्हणजे जाणार होता. म्हणजे थोडा गेला, थोडा राहिला. ज्यांच्या गळ्याशी आज हे दुखणं बसलंय त्यांनी घाबरू नये म्हणून शेवट आधीच फोडतो: मी जिवंत आहे आणि हे मीच लिहितोय.

सोलापुरात नव्या पेठेत माझं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. आमच्याकडे मे महिन्यात माणूस सावलीत टेकायला गेला तर सावलीलाच घाम सुटलेला असतो. अशा मे महिन्यात मी मोहोळच्या एका गिऱ्हाइकाला जाड चादरींचा जोड विकलाय. मी त्या चादरीचं वर्णनच असं केलं की जाताना त्याला हुडहुडी भरली आणि एक चादर तो अंगावर घेऊनच बाहेर पडला. दुकानात तेव्हा आम्ही दोघंच होतो, त्यामुळे कुणाला विचारायला जाऊ नका.

शुक्रवारी संध्याकाळी मात्र चादरी बंद, वेदान्त सुरू. आमच्या भागातल्या मंगल कार्यालयाच्या वरच्या खोलीत अभ्यासवर्ग भरतो आणि तो मी चालवतो. 'मी देह नाही, मी मन नाही, या दोघांना जो बघतोय तो मी' हे मी इतकं रंगवून सांगायचो की खाली वरातीचा बँड तयार असायचा आणि बँडवाले वाजवायचं सोडून जिन्यात उभे राहायचे. नियम असा ठरलेला की अर्धा वेळ विवेचन, अर्धा वेळ ध्यान. पण मला रंग चढला की ध्यानाला जेमतेम घोटभर पाणी पिण्याइतका वेळ उरायचा. याबद्दल कधी कुणाची तक्रार कानावर आली नाही. मी बोलत असताना ती येणार तरी कशी?

मुद्दा आला की माझा उजवा हात आपोआप वर जातो आणि बोट छताकडे. ही सवय लक्षात ठेवा. पुढे तिनं हॉस्पिटल हलवलं.

आता मल्लिनाथ. हा माझा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मूळचा दुधनीचा, तुरीच्या अडतीत वाढलेला, आता सोलापुरातच डाळीचा धंदा. कानडी त्याच्या आईची भाषा, मराठी बायकोची, आणि दोन्ही भाषांत त्याला बोलायचा कंटाळा. वर्गात तो मागच्या खांबाला टेकून बसायचा आणि मी तोंड उघडायच्या आत डोळे मिटायचा. मग त्याच्या चेहऱ्यावर असं काही निवांत पसरायचं की विवेचन माझं चालू असायचं आणि बायका जाताना नमस्कार करायच्या त्याला. इकडे मी डोळे मिटले की दुकानाचं शटर, दुखरा गुडघा, डास, परत शटर. म्हणजे स्वयंपाक मी करायचा आणि ढेकर मल्लिनाथनं द्यायची! मला त्याचा हेवा वाटायचा. आजारपणाच्या आधीपासूनच. आजारपणानं त्याला फक्त खत घातलं.

दुर्बीण

आवाज बसायला लागला तेव्हा मी लिंबू सरबताला दोष दिला, मग कूलरला, मग धुळीला. तंबाखूला दिला नाही, कारण ती तोंडातच होती.

"अहो, दाखवून या की," बायको म्हणायची. सुरेखा तिचं नाव, माहेर मैंदर्गीचं. "घोगरा लई झालाय आवाज."

मी जाणारही होतो. पण एका शुक्रवारी वर्ग संपल्यावर मल्लिनाथ जवळ आला आणि म्हणाला, "अण्णा, आवाज फाटलाय. दाखवा."

वर्षात एक वाक्य बोलणारा माणूस आणि ते हे! मला वाटलं, याचा डोळा माझ्या जागेवर आहे. त्यानं सांगितलं म्हणून मी मुद्दाम गेलो नाही. वाचणाऱ्यांनी हे करू नये. बसलेला आवाज पंधरा-वीस दिवसांत उठला नाही तर डॉक्टर गाठावा, मग सल्ला साडूनं दिलेला असो नाहीतर शेजाऱ्यानं.

शेवटी सुरेखानंच नेलं. नाकातून दुर्बीण घातली, मग तुकडा काढून तपासायला पाठवला, मग बोलावलं. डॉक्टर बाई तरुण होत्या. खुर्ची पुढे ओढून बसल्या, तेव्हाच मी ओळखलं. चांगली बातमी सांगायला कुणी खुर्ची ओढत नाही.

"स्वरयंत्रावर गाठ आहे. कॅन्सरची आहे. पण लवकर सापडलीय, शेक, म्हणजे रेडिएशन, घेतल्यावर तुम्ही बरे व्हाल असं मला वाटतं. आवाज कितपत परत येईल, ते मात्र आज सांगता येणार नाही."

माणसानं अशा वेळी काय विचारावं? मी विचारलं, "शुक्रवारी बोलता येईल का?"

बाईंनी सुरेखाकडे बघितलं. "यांना नीट समजलं ना मी काय म्हणाले ते?"

"समजलंय," सुरेखा म्हणाली. "त्यांना तेवढंच विचारायचं हाय."

"अजिबात बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानं जास्त ताण पडतो."

बाहेर बाकावर आम्ही दोघं बसलो. सुरेखा पदर तोंडाला लावून रडत होती. मी कित्येक वर्षं लोकांना 'देह म्हणजे अंगावरचं कापड' असं सांगितलेला माणूस. मी त्या क्षणी काय करत होतो? रस्त्यावर एक रिक्षावाला दुसऱ्याला मोकळ्या गळ्यानं शिव्या घालत होता. मी त्याचा गळा बघत होतो. शिरा कशा फुगतात, आवाज कसा थेट समोरच्या भिंतीवर आदळून परत येतो. मरणाची भीती नंतर आली, रीतसर आली. पण सगळ्यात आधी आला तो हेवा.

पाटी

सुरेखानं शाळेतली पाटी आणून गळ्यात अडकवली. पाटीचा मोठा दोष असा की तिच्यावर थाप मावत नाही. थाप मारायला वेग लागतो, ऐकणाऱ्याला विचार करायला फुरसत देऊन चालत नाही. मी 'एकदा अक्कलकोट रस्त्यावर एवढा मोठा' इथपर्यंत लिहीपर्यंत गिऱ्हाईक टॉवेल घेऊन गेलेलं असायचं. पाटीवर मी फक्त खरं तेच लिहायला लागलो. चहा. पाणी. दुखतंय. स्वतःच्या आयुष्याचा एवढा कंटाळा मला कधी आला नव्हता.

जाळी

शेकासाठी आधी चेहऱ्याची जाळी करतात. प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून तोंडावर, मानेवर, खांद्यापर्यंत दाबून बसवतात. गार झाला की तुमच्या तोंडाचा हुबेहूब साचा तयार. मग रोज तो साचा चढवायचा आणि टेबलाला खटाखट अडकवून टाकायचा. मुंगी चावली तरी हलायची सोय नाही.

तिथली मुलगी मायाळू होती. "काका, थोडाच वेळ लागतो. काही त्रास झाला तर फक्त हात वर करा. आम्ही बाहेर पडद्यावर बघत असतो."

सगळे बाहेर गेले. भिंतीएवढं जाड दार बंद झालं. आणि मी एकटा, स्वतःच्याच तोंडात अडकलेला.

जाळीची भीती काय असते ते मी इथे फुगवून सांगणार नाही, तिला फुगवायची गरज नाही. छातीत घोडा सुटतो. मग मला जे येतं ते मी केलं. मनातल्या मनात वर्ग भरवला. खोली गच्च, जिन्यात बँडवाले. विषय घेतला भीतीचा. 'भीती तुम्हाला दिसते की नाही? दिसते. मग जो बघतोय तो भ्यालाय का?' असा चढत गेलो, आवाज कसा पूर्वीसारखा खणखणीत, सगळे श्वास धरून बसलेत, आणि मुद्दा आला.

हात वर गेला. बोट छताकडे.

यंत्र बंद पडलं. दिवे लागले, दार उघडलं, पळत पावलं आली, खटाखट जाळी निघाली. "काका! श्वास अडकला का? काय झालं?"

मी पाटी मागितली आणि लिहिलं: मुद्दा आला होता.

तिनं वाचलं. परत वाचलं. मग डॉक्टर बाईंना बोलावलं. त्यांनी वाचलं आणि एवढंच म्हणाल्या, "मुद्दे घरी."

दुसऱ्या दिवसापासून माझ्या दोन्ही हातांत एक रबरी कडी धरायला दिली. आणि ती मुलगी जाळी चढवताना रोज विचारायची, "काका, आज मुद्दा आहे का?" मी बोटानं नाही म्हणायचो. त्या दिवसांत मला हसू आलं ते तेवढ्याच वेळेला. देवानं तिला सुखात ठेवावं.

सुम्मने

हॉस्पिटलात नेण्या-आणण्याचं काम कुणी करावं? दुकान सुरेखानं सांभाळायचं ठरलं होतं. मल्लिनाथ स्कूटर घेऊन दारात उभा. रोज. त्याच्या डाळीच्या धंद्याचं काय होत होतं ते तो बोलला नाही आणि माझी पाटी विचारायला तयार नव्हती. मी आत जाळीत, तो बाहेर बाकावर डोळे मिटून. सिस्टर लोकांना वाटायचं कुणी साधुपुरुष आलाय. शेक घेऊन मी बाहेर यायचो तर त्याच्या हातात चहाचा कप! आजारी मी आणि चहा त्याला.

त्यात वर्गाची बातमी आली. वर्ग बंद पडला असेल असं मी धरून चाललो होतो. पडायलाच हवा होता. मी नसताना तिथं उरलं काय?

"चाललाय की," सुरेखा म्हणाली. मी जेवत होतो. जेवत म्हणजे, पेज गिळत होतो. "मल्लिनाथराव बघतेत."

मी पाटीवर मोठं प्रश्नचिन्ह काढलं.

"बोलतेत कुठं ते? आल्या आल्या म्हणतेत, 'सुम्मने बसू या.' आन् सगळी बसतेत."

सुम्मने हा कानडी शब्द. उगाच, काही न करता, गप्प, असं सगळं त्यात आलं. माझी इतक्या वर्षांची विवेचनं, दृष्टान्त, दोरीवरचा साप, घागरीतलं आभाळ, आणि त्या सगळ्याच्या जागी हा एक शब्द!

"लोकं वाढलीत म्हणं," ती पुढं म्हणाली. बायकांना कुठं थांबावं ते कळत नाही.

मी पेज बाजूला सारली आणि पाटीवर लिहिलं: त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांग.

सुरेखानं ते वाचलं. तिनं पाटी माझ्या गळ्यातून काढून घेतली. ती दिवसभर दुकानात उभी असायची, घरी येऊन माझ्यासाठी सगळं पातळ करायची, आणि आजपर्यंत एका शब्दानं वैतागली नव्हती.

"आपला धंदा सोडून त्यो माणूस तुम्हाला स्कूटरवरनं नेतोय. आन् तुम्ही त्याच्याकडं असं बघताय, जसं काय त्यानंच तुमच्या घशात गाठ ठेवली. तुमचं वेदान्त फकस्त दुसऱ्याला सांगायला हाय का? मी आवाज न्हाय, मी देह न्हाय! मग रडताय कशाला आवाजासाठी?"

मी उत्तर देऊ शकत नव्हतो, पाटी तिच्याकडे होती.

कडक भाकरी

पुढं पुढं गळ्याची कातडी बाहेरून काळी पडली, आतून सोलली. थुंकी गिळायची म्हणजे दाभण गिळायचा. एका संध्याकाळी मल्लिनाथ मला सोडायला वर आला आणि सुरेखानं त्याला आग्रहानं जेवायला बसवलं. ताटात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी.

कडक भाकरी कशी मोडते ते सोलापूरकराला सांगायला नको. काड्, काड्. ती भाकरीसुद्धा माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलत होती. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो आणि त्याच्या प्रत्येक घासाला माझ्या अंगावर काटा येत होता. गळा माझा बाहेरून भाजत होता, पण आत जे पेटलं होतं त्याला यंत्र लागत नव्हतं.

आणि तिथं एक गोष्ट झाली. मोठी नाही. इतकी वर्षं ध्यानाला बसल्यावर माझं मन एका जागी थांबलं नव्हतं. कुणाला दिव्याची ज्योत धरता येते, कुणाला श्वास. मला काहीच धरता आलं नाही. पण हा हेवा! याच्यावरून मन हलतच नव्हतं. काड् झालं की उसळी, काड् झालं की उसळी. मी म्हटलं, चला, हाच धरू. बघू कुठून निघतो. छातीच्या डाव्या अंगानं निघायचा, वर चढायचा, दुखऱ्या घशापाशी अडायचा आणि तिथं थोडा वेळ तडफडून विझायचा. परत काड्. परत पहिल्यापासून. मी बघत राहिलो. मल्लिनाथचं जेवण झालं, तो हात धुऊन गेलासुद्धा, तरी मी बघतच होतो. आणि मधे एकदा, अगदी एवढासा वेळ, जळणारा वेगळा आणि बघणारा वेगळा झाला. मला शांत वाटलं.

लगेच त्या बघणाऱ्याच्या मनात आलं, मल्लिनाथला असं बघता येत असेल का? संपलं. परत पेटलं.

पण तेवढं मला मिळालं होतं. पुढचे सगळे शेक मी जाळीत हेव्यावरच काढले. कडी घट्ट धरायची आणि स्कूटर, चहा, सुम्मने, एकेक डोळ्यांसमोर आणायचं आणि कसं पेटतं ते बघायचं. भीतीला जागाच उरायची नाही. कुणाला उपयोगी पडत असेल म्हणून लिहितो: अशा वेळी मनात सुंदर विचारच आणले पाहिजेत असं काही नाही. जे घट्ट चिकटलंय त्यालाच बघत बसावं.

शुक्रवार

शेक संपले. कातडी भरून आली. पेजेची खिचडी झाली, खिचडीचा भात. पुढच्या तपासण्यांत गाठ दिसली नाही. आवाजाचं म्हणाल तर पहिला शब्द निघाला तो पिशवीतून कागद काढावा तसा खसखसला. डॉक्टर बाई म्हणाल्या, "आता थोडं बोला. थोडं म्हणजे तुमचं थोडं नाही, इतरांचं थोडं."

पहिल्याच शुक्रवारी मी सुरेखाला घेऊन वर्गाला गेलो. जिन्यात चपला मावत नव्हत्या, आणि सगळ्या जोडीनं ओळीत लावलेल्या. माझ्या काळात लोक चपला भिरकावून आत पळायचे, जागा मिळावी म्हणून. असं मला आठवतं.

आत पाऊल टाकलं आणि बघितलं. समोर, मी बसून बोलायचो ती माझी मोराच्या नक्षीची चादर घडी घालून अंथरलेली. तिच्यावर कुणी नाही. मल्लिनाथ मागं, त्याच्या त्याच खांबाला टेकून.

"तितं कुणी बसत न्हाय," सुरेखा हळूच म्हणाली. "मल्लिनाथराव बसूच देत न्हाईत."

हरलो मी. त्यानं जागा बळकावली असती तर मी सुखानं बरा झालो असतो. इतके महिने मी ज्याच्यावर जळलो ते घडलंच नव्हतं, आणि या मोठेपणाचा आता नव्यानं हेवा करायचा म्हणजे मला परत पहिल्यापासून सुरुवात!

मी चादरीवर बसलो. मल्लिनाथनं डोळे मिटले. मी बोलायला लागलो तसे पुढचे लोक गुडघ्यांवर पुढं सरकले, कारण ऐकूच येत नव्हतं.

"मी तुम्हाला सांगायचो," मी म्हणालो, "की हा आवाज म्हणजे मी नव्हे. मग आवाज गेला. आणि गंमत बघा, मी शिल्लक होतोच. फक्त जो शिल्लक राहिला तो मला आवडला नाही. लई हेवेखोर निघाला. पण तोही मला दिसत होता. म्हणजे, जर तो दिसत होता, तर..."

मुद्दा आला. हात वर गेला, बोट छताकडे. आणि घसा कोरडा ठाक पडला. शब्द नाही, नुसती हवा.

कुणाला काही कळायच्या आत मल्लिनाथ खांबापासून उठून माझ्यापर्यंत पोचला होता. हातात पाण्याची बाटली, टोपण काढलेलं.

मी पाणी प्यालो. मग त्याच्याकडे बघितलं. डोळे मिटलेल्या माणसाला बोट कसं दिसलं?

"डोळे उघडे होते?" मी विचारलं.

तो खाली बघायला लागला.

"मल्लिनाथ. खरं सांग."

"एक," तो म्हणाला. "एकच, अण्णा. पयल्यापासून. बोट वर गेलं की समजायचं, अजून संपत न्हाई. मग पाय बदलून बसायचं."

खोलीत हसू फुटलं. सुरेखा तर पदरात तोंड घालून हलत होती.

"आणि ध्यान?"

"कसलं ध्यान अण्णा," तो म्हणाला. "तुरीचा भाव."

त्या घटकेला मला जे वाटलं ते गाठ गेल्याचं ऐकूनही वाटलं नव्हतं. इतकी वर्षं! खांबाला टेकून तुरीचा भाव! नंतर घरी जाताना शंका आली की हे त्यानं मला बरं वाटावं म्हणून तर सांगितलं नाही? तसं असेल तर ती थाप माझ्या सगळ्या थापांवर ताण होती, आणि आता मला त्याचाही हेवा वाटतो.

पण ते नंतर. तेव्हा खोलीतलं हसू ओसरलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मुद्दा विसरलो होतो. साफ. आयुष्यात पहिल्यांदा.

"बसू या," मी म्हणालो. "सुम्मने."

सगळे बसले. खालून बँडची जुळवाजुळव ऐकू येत होती, कुणीतरी झांजा नुसत्याच घासून बघत होतं. मीही डोळे मिटले. शटर आलं, गुडघा आला, घशात पाण्याचा गारवा होता तो आला. थोडा वेळ काहीच आलं नाही.

मग मी हळूच एक डोळा उघडला.

खांबाशी एक डोळा उघडा होता.